दारातली आशाताई, घरातली सून

गेल्या महिन्यात एका सकाळी फुफीचा फोन आला. फुफी निफाड तालुक्यात राहते, द्राक्षबागांच्या पट्ट्यातल्या एका गावात. तिथे आपली पंधरा-सोळा घरं आहेत, एक छोटी मशीद आहे, बाकी गाव शेतकऱ्यांचं आणि मजुरांचं. फुफीचा धाकटा मुलगा टेम्पो चालवायचा. दीड वर्षापूर्वी अपघातात तो गेला. मागे सून आणि दोन मुलं. सून एकतीस वर्षांची, दहावी पास.

“गावातली आशाची जागा रिकामी झालीय,” फुफी सांगू लागली. “जी होती ती नवऱ्याच्या नोकरीपायी नाशिकला गेली. आता आमची म्हणते, मी अर्ज करते. तूच सांग बेटा, बेवा बाईने वही घेऊन घरोघर फिरायचं? रात्री-अपरात्री दवाखान्यात जायचं? आणि मिळतात तरी किती? कोणी म्हणतं दोन हजार, कोणी म्हणतं पंधरा हजार.”

मागून सुनेचा आवाज आला, “अम्मी, एवढंच विचारा ना, अर्जाला कागद कोणते लागतात.”

फुफीने ते विचारलं नाही. आम्हीही हो-नाही न करता आठ दिवसांची मुदत मागून घेतली. खरं म्हणजे आम्हाला उत्तर माहीत नव्हतं. आशाताई आमच्याही दारात येते. पोलिओच्या रविवारी येते, तापाच्या साथीत कुंड्यांतलं पाणी बघायला येते. आम्ही तिला पाणी देतो, बाळाच्या बोटाला शाई लावून घेतो आणि दार लावतो. ती कुठल्या घरातून आली, तिच्यामागे कोण आहे, तिला कोण किती पैसे देतं, हे इतक्या वर्षांत एकदाही विचारलं नव्हतं.

म्हणून आठ दिवस विचारत फिरलो. फुफीच्याच पट्ट्यातल्या तीन आशाताईंना भेटलो, आणि एका ओळखीच्या मास्तरांबरोबर सुरगाण्याच्या एका पाड्यावरही जाऊन आलो. नावं देत नाही, त्यांनीच नको म्हटलं.

आशा हे बाईचं नाव नव्हे, योजनेच्या लांबलचक इंग्रजी नावाची ती आद्याक्षरं आहेत. १२ एप्रिल २००५ रोजी राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू झालं, त्यातून ही आरोग्य कार्यकर्ती गावात आली. साधारण हजार लोकवस्तीला एक, आणि डोंगरी-आदिवासी भागात वस्त्या लांब म्हणून त्याहून कमी वस्तीलाही एक. पात्रतेच्या अटी वाचताना मात्र आम्ही थबकलो. बाई त्याच गावची रहिवासी हवी. विवाहित, विधवा, घटस्फोटित किंवा नवऱ्यापासून वेगळी राहणारी हवी. शक्यतो २५ ते ४५ वयाची. शिक्षणाची अट आधी आठवीची होती, पुढे दहावीची झाली, आदिवासी भागात सवलत राहिली.

थोडक्यात, सरकारने गावची लेक नको म्हटलं आणि सून मागितली. कारण उघड आहे. लेक आज ना उद्या लग्न होऊन दुसऱ्या गावी जाणार आणि तिला शिकवलेलं तिच्याबरोबर जाणार. सून राहते. पण या एका अटीने पुढचं बरंच काही ठरून गेलं. सून म्हणजे जिच्या उंबरा ओलांडण्याला घराची मान्यता लागते, जिच्या नावावर सहसा जमीन नसते, आणि जिच्या कमाईकडे घर ‘हातभार’ म्हणून बघतं, पगार म्हणून नाही.

याआधीचा प्रयोग वेगळा होता. २ ऑक्टोबर १९७७ रोजी जनता सरकारने गावोगाव आरोग्य कार्यकर्ते नेमायची योजना काढली. महिन्याला ५० रुपये मानधन आणि ५० रुपयांची औषधं. तिथे बहुतेक पुरुषच भरले गेले. बाळंतिणीच्या खोलीत पुरुष कसा जाणार, हा साधा प्रश्न योजना आखणाऱ्यांना पडला नसावा. त्याआधीच, १९७० पासून, जामखेडला डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी खेड्यातल्या बायकांना हाताशी धरलं होतं. त्यातल्या कित्येक निरक्षर होत्या, दलित होत्या, विधवा होत्या, नवऱ्याने टाकलेल्या होत्या. त्याच बायकांनी बाळंतपणं सुरक्षित केली, आणि १९७९ साली आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आशाच्या अटींत ‘विधवा, घटस्फोटित’ हे शब्द वाचले की आम्हाला जामखेडच्या त्या बायका आठवतात.

मग आज आशा कोण होतं? आम्ही भेटलो त्या बायकांवरून आणि त्यांनी सांगितलेल्या मैत्रिणींवरून जे दिसलं ते असं. गावातली सगळ्यात गरीब बाई आशा होत नाही, कारण ती दहावीपर्यंत पोचलेलीच नसते. बंगलेवाल्या बागाईतदाराची सूनही होत नाही, तिला एवढ्या पैशांसाठी उन्हात फिरायची गरज नसते. उरते ती मधली. शाळा शिकलेली, पण जिच्या घराला दर महिन्याला चार पैसे कमी पडतात ती. निफाडकडच्या तिघींपैकी एकीचा नवरा दुसऱ्याच्या ट्रॅक्टरवर चालक आहे. दुसरीच्या घरी एक एकर आहे, पण द्राक्षबाग लावायची ऐपत नाही, कांदा निघतो. तिसरी नवरा वारल्यावर दिराच्या घरात दोन खोल्यांत राहते. तिघीही ऐन हंगामात बागेत मजुरीला जातात, म्हणजे सकाळी गृहभेटी, दुपारी डिपिंग किंवा खुडणी, संध्याकाळी नोंदवही.

सुरगाण्याची आशाताई कोकणा समाजाची, आठवी शिकलेली. तिच्याकडे चार पाडे आहेत. पावसाळ्यात मधला ओहोळ भरला की पलीकडचे दोन पाडे तुटतात, आणि दिवस भरलेल्या बाईला आधीच अलीकडे आणून ठेवावं लागतं, बऱ्याचदा हिच्याच घरी. तिला ठेवून घेण्याचे पैसे कुठल्याच तक्त्यात नाहीत. दिवाळी झाली की अर्धा पाडा दिंडोरी-निफाडच्या बागांत कामाला उतरतो. ती म्हणाली, “माझ्या वहीतली गरोदर बाई तुमच्या बागेत असते. इथे मी तिला शोधते, तिथे तिला कोणी विचारत नाही.” हे वाक्य आम्ही लक्षात ठेवलं, कारण ‘तुमच्या बागेत’ म्हणजे फुफीच्याच गावाच्या आजूबाजूला.

आता पैशांचं. फुफीला दोन हजार सांगणारा आणि पंधरा हजार सांगणारा, दोघेही पूर्ण चूक नाहीत. आशा ही कागदोपत्री स्वयंसेविका आहे. तिला पगार नाही, कामाच्या मोबदल्याचे तुकडे आहेत. हे आपल्या लोकांना समजावून सांगायची गरज नाही. सिन्नरला विड्या वळणाऱ्या बाईला हजार विड्यांवर मजुरी मिळते, मालेगावच्या मागावरच्या कारागिराला विणलेल्या कापडावर. आशाचंही तसंच आहे, फक्त इथे मोजली जातात ती माणसं. ठराविक रोजच्या कामांसाठी केंद्राकडून महिन्याला १,००० रुपये मिळायचे, ते २०१८ साली २,००० झाले, आणि २०२५ साली ३,५०० केल्याचं जाहीर झालं. राज्याची भर वेगळी. बाकी सगळं कामावर.

एक काम नीट सांगतो. बाळ दवाखान्यात जन्मलं तर आशाने तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी घरी जायचं. वजन करायचं, ताप बघायचा, बाळ दूध ओढतं का ते बघायचं, आईला रक्तस्राव, ताप आहे का विचारायचं. बाळ घरीच जन्मलं असेल तर पहिल्या दिवशीची खेप आणखी. या भेटींची पद्धत गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या कामातून सिद्ध झाली आणि २०११ पासून देशभर आली. मोबदला २५० रुपये. सहा खेपांना वाटले तर एका खेपेला ४२ रुपयेही पडत नाहीत. आणि हे २५० कधी मिळायचे? योजनेच्या मूळ अटी अशा: जन्माचं वजन कार्डावर नोंदलेलं हवं, पहिल्या लसी झालेल्या हव्यात, जन्माची नोंद हवी, आणि बेचाळिसाव्या दिवसापर्यंत आई आणि बाळ दोघंही सुखरूप हवेत.

ही शेवटची अट आम्ही पुन्हा वाचली. तिसरीने, त्या विधवा ताईने, सांगितलं की एकदा तिच्या यादीतलं बाळ सतराव्या दिवशी गेलं. कमी वजनाचं होतं, तिने दोनदा दवाखान्यात नेलं होतं. “पैशाचं काही नाही,” ती म्हणाली, “पण वहीत तो रकाना रिकामा सोडताना असं वाटलं की आपण गेलोच नव्हतो तिथे.”

आणखी एक गोष्ट, आपल्या घरांशी संबंध असलेली. जननी सुरक्षा योजनेत ग्रामीण भागात गरोदर बाईची तपासणी आणि दवाखान्यातली प्रसूती करून घेतल्यावर आशाला ६०० रुपये मिळतात. पण महाराष्ट्रात ही योजना दारिद्र्यरेषेखालच्या आणि अनुसूचित जाती-जमातींच्या आईपुरती आहे. आपल्यातली कितीतरी घरं गरीब आहेत, पण दारिद्र्यरेषेच्या यादीत नाहीत, आणि जात-जमातीच्या यादीत तर बसतच नाहीत. अशा घरातल्या बाईसाठी आशा रात्री उठून गेली तर या योजनेतून तिच्या हाती काही पडत नाही. तरी ती जाते. आपल्या मोहल्ल्यात कोणी ‘हिला आमच्या बाईमागे कमिशन मिळतं’ असं म्हटलं तर हे ऐकवावं.

यावर आशाताई गप्प बसल्या असंही नाही. २०२१ च्या जूनमध्ये, कोरोनाची दुसरी लाट ओसरत असताना, राज्यभर त्यांचा संप झाला. ऑक्टोबर २०२३ मध्ये पुन्हा. तेव्हा महिना ७,००० रुपये वाढीची घोषणा झाली, पण आदेश निघेना, म्हणून जानेवारी २०२४ मध्ये परत संप, मुंबईत आझाद मैदानावर बसून राहणं, आणि मार्चमध्ये निघालेल्या शासन निर्णयात वाढ ५,००० ची. निफाडच्या ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोनेही आझाद मैदानावर चार रात्री काढल्या. घरी सासूने भाकरी केल्या म्हणून जाता आलं, असं ती आपणहून म्हणाली. मधल्या काळात, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातल्या दहा लाख आशांचा गौरव केला होता. त्या तिघींपैकी दोघींना तो माहीत होता. तिसरीने विचारलं, त्यात काही जमा झालं होतं का?

दुसरीकडे हे काम नोकरी म्हणून दिलेलं आहे. इराणमध्ये खेड्यांतल्या आरोग्यघरात काम करणारे बेहवर्झ, बायका आणि पुरुष दोन्ही, त्याच भागातून निवडतात, दोन वर्षं शिकवतात आणि सरकारी पगारावर ठेवतात. पाकिस्तानात १९९४ साली सुरू झालेल्या लेडी हेल्थ वर्कर योजनेतल्या बायका न्यायालयात गेल्या, रस्त्यावर आल्या आणि २०१२ नंतर सेवेत कायम झाल्या. आपल्याकडे आशाला पहिल्या वर्षी तेवीस दिवसांचं प्रशिक्षण, आणि ती बाळंतपणाला गेली तर कर्मचाऱ्यासारखी पगारी रजा नाही, कारण ती कर्मचारी नाही. दुसऱ्यांची बाळंतपणं हेच जिचं काम, तिची ही गत.

मग एवढं असून फुफीच्या सुनेने का जावं? आम्ही ज्या ज्या ताईला हे विचारलं तिने पैशाचं उत्तर शेवटी दिलं. आधी सांगितलं ते हे, की दवाखान्यात डॉक्टर नावाने ओळखतात, ग्रामपंचायतीत खुर्ची देतात, बँकेचं खातं स्वतःचं आहे. दिराच्या घरात राहणारी ताई म्हणाली की नवरा गेल्यावर गावाने तिला ‘अमक्याची विधवा’ म्हणायला सुरुवात केली होती, आता आशाताई म्हणतात.

आणि आपली बाजू? निफाडच्या त्या भागात आम्हाला एकही मुसलमान आशा भेटली नाही. यात नुसता दुजाभाव शोधून चालणार नाही. हजार-दीड हजारांच्या गावात आपली पंधरा घरं, निवड ग्रामसभेत, म्हणजे मतांचं गणित आधीच विरुद्ध. पण त्याआधीचं गणित आपल्या घरातलं आहे. सातवी-आठवीनंतर मुलीची शाळा सुटते. शिकली तर लग्नानंतर घराबाहेरचं काम नको. केलंच तर ते आपल्याच गल्लीत असावं. आशाला गावातल्या सगळ्या घरांत जावं लागतं, सवर्णांच्या, दलितांच्या, आदिवासींच्या, सगळ्यांच्या. आणि मग आपल्या गल्लीत दुसऱ्या समाजाची ताई आली की आपणच दाराआडून म्हणतो, उगाच नोंदी करतात. २०२० च्या सुरुवातीला नागरिकत्वाच्या कागदांची भीती घराघरांत होती आणि लगेच कोरोना आला, तेव्हा मालेगावात वहीवाली बाई दिसली की दारं बंद व्हायची. ती भीती अगदीच निराधार होती असं आम्ही म्हणणार नाही. पण २०२२ च्या अखेरीस मालेगावात गोवर पसरला तेव्हा आजारी पडली ती आपलीच मुलं. दारात आलेली बाई आपल्या बोलीत बोलणारी, आपल्या सासवांना ‘खाला’ म्हणणारी असती, तर किती दारं उघडली असती?

आठ दिवसांनी आम्ही फुफीकडे गेलो. बरोबर त्या ट्रॅक्टरवाल्याच्या बायकोलाही नेलं, शेजारच्याच गावची ती. फुफीने चहा टाकला, खारी काढली. बुरख्याचा प्रश्न दोन मिनिटांत मिटला, ताई म्हणाली, आमच्या तालुक्याच्या बैठकीला कोणी काय घालून येतं हे कोणी बघत नाही, वही पूर्ण आहे का ते बघतात. मग फुफीने तिचा खरा प्रश्न विचारला.

“रात्री तुला कोण नेतं गं?”

“जाताना रुग्णवाहिका येते. एकशे दोन, नाहीतर एकशे आठ. ती पेशंटला घेते, मला पण घेते.”

“आणि येताना?”

“येताना नवरा येतो, मोटरसायकलवर.”

कोणी काही बोललं नाही. आम्हालाही त्या क्षणापर्यंत हे दिसलं नव्हतं. अटींत विधवेला जागा आहे, पण कामाची आखणी अशी, जणू प्रत्येक आशाच्या घरी एक मोटरसायकल आणि रात्री दोनला उठणारा माणूस आहे. पेट्रोल त्या घराचं. मुलांना सांभाळणारी सासू त्या घरची. सरकार एका बाईला मोबदला देतं आणि काम अख्ख्या घराकडून होतं.

फुफीचा थोरला मुलगा दारात उभा होता. तो म्हणाला, “मी जाईन. पण हंगामात रोज नाही जमणार.”

“रोज कुठे असतं,” ताई म्हणाली. “महिन्यातून एक-दोनदा.”

फुफी बराच वेळ कपाची बशी पुसत राहिली. मग सुनेला म्हणाली, “मुलांजवळ मी आहे. पण पैसे उशिरा आले तर माझ्याजवळ रडायचं नाही.”

कागदांची यादी आम्ही लिहूनच नेली होती: दहावीची गुणपत्रिका, रहिवासी दाखला, आधार, पतीचा मृत्यूदाखला. मंजुरीचं काही सांगता येत नाही. गावातून आणखी दोन अर्ज आहेत, त्यातला एक वजनदार घरातला, आणि ग्रामसभा अजून व्हायची आहे.

सून आत गेली आणि मुलाची शाळेची वही घेऊन आली. मागच्या पानांवर तिने गावातल्या गरोदर बायकांची नावं लिहून ठेवली होती, नऊ. कितवा महिना, पहिलं की दुसरं, कार्ड आहे की नाही. शेवटचं नाव बागेच्या शेडमध्ये राहणाऱ्या सुरगाण्याकडच्या एका मुलीचं होतं. त्यापुढे कार्डाचा रकाना रिकामा.

“हिला सातवा चाललाय,” सून त्या ताईला म्हणाली. “पाय सुजलेत. अर्जाचं काय व्हायचं ते होईल, पण उद्या तुमच्याबरोबर हिला दवाखान्यात नेता येईल का?”

ताईने वही हातात घेतली आणि त्या मुलीचा पाडा कुठला ते विचारलं.